धूरबंदीतलं गरम अंथरूण

अंथरूण गरम होतं आणि आत काहीच नव्हतं.

आमान्कायला झोपवायच्या आधी मी नेहमी तिच्या पाळण्यात हात घालून बघते. आठ महिन्यांचं लेकरू आहे, गादीत सुई राहिली असेल, घडी पडली असेल, काहीही असू शकतं. त्या संध्याकाळी मेंढीच्या लोकरीच्या जाड पांघरुणाखाली हात घातला तर आत भाकरीच्या दुरडीसारखी ऊब. मी गादी उचलली. उशी आम्ही ठेवतच नाही. खाली वाकून पाळण्याखाली पाहिलं. लाकडी फरशी, बस्स.

खोलीत माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

"काय शोधतेस गं?" दारातून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. गरम आहे म्हणून बघत होते."

"गरम आहे म्हणूनसुद्धा तुला काळजी? धन्य आहे बाई तुझी." आणि त्या स्वयंपाकघरात माते, आमचा कडू पानांचा चहा, प्यायला निघून गेल्या.

मे महिन्यात, आमच्याकडे पृथ्वीच्या दक्षिण टोकाला हिवाळा लागतो तेव्हा, आम्ही कोयाइके शहरातलं भाड्याचं घर सोडून सासूबाईंकडे, दोन्या म्हणजे बाई, दोन्या ओदिलियांकडे, राहायला आलो. दोन घरं तापवण्यापेक्षा एक तापवू, असा हिशेब एर्विनने, माझ्या नवऱ्याने, मांडला आणि पुन्हा समुद्रातल्या मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर जायला लागला, चौदा-चौदा दिवसांच्या पाळ्यांवर. तो नसला की आम्ही तिघीच. सुकं लाकूड इतकं महागलं होतं की सासूबाई ओंडका चुलीत टाकण्याआधी हातात तोलून बघायच्या. त्यांचा नियम साधा होता: चूल सकाळी आणि स्वयंपाकापुरती. बाकी वेळ अंथरुणात. "अख्खं घर तापवायला आपण काय डोंगराला ऊब देणार आहोत? अंग तापलं की झालं." दुपारी आम्ही लोकरीच्या टोप्या घालून पलंगावर बसायचो, मांडीवर बटाटे सोलायचो, बाळ मधे.

त्यात जुलैत धूरबंदी लागली. दरीत धूर साचला की रेडिओवर सांगतात, आणि मग संध्याकाळी सहानंतर कुणाच्याही धुराड्यातून धूर दिसता कामा नये. तपासणीची गाडी गल्लीगल्लीतून वर बघत फिरते. म्हणजे सहाला चूल विझायची. आणि पावणेसातला माझ्या मुलीचं अंथरूण गरम असायचं.

तो पाळणा सासूबाईंच्या खोलीत होता, कारण माझ्या खोलीच्या भिंतींना पाणी सुटायचं. साडेपाच ते पावणेसात मी माझ्या खोलीत दार लावून कॉम्प्युटरवरून शाळेच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायचे. तेवढा वेळ आमान्काय आजीच्या पाठीवर, शालीत बांधलेली. दार मी आपणहून लावत नसे खरं तर. "दार लाव नीट," सासूबाई रोज म्हणायच्या, "तुझ्या त्या अणूरेणूंनी पोर दचकते."

आधी मला ते चांगुलपणाचं वाटलं. मग वाटेना.

कारण दुसऱ्या दिवशी त्यांची बोटं काळी होती. चूल विझून तासभर झाला होता आणि त्या बोटं एप्रनला पुसत होत्या. खोलीत जळक्या लोकरीचा बारीक वास होता. तिसऱ्या दिवशी लाकडं आणायला मागच्या खोपटात गेले तेव्हा फळीवर धुळीत एक पुसट गोल दिसला, परातीएवढा. तिथे शेगडी असायची. कोळशाची, लोखंडी, तीन पायांची. लग्नाच्या वर्षी मी तिच्यावर हात शेकले होते, अंगणात.

कोळशाला धूर नसतो. धुराड्यातून काही दिसत नाही. तपासणीची गाडी खालून निघून जाते.

पण कोळशातून जे निघतं त्याला वासही नसतो, हे मी दरवर्षी दहावीच्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. बंद खोली, जळता कोळसा, कार्बन मोनॉक्साइड. माणसाला झोप येते आणि ती सरत नाही. गाल लाल दिसतात.

आमान्कायचे गाल लाल होते. आणि धूरबंदी लागल्यापासून ती पहाटेपर्यंत सलग झोपत होती, जी पोर जन्मल्यापासून दोन तासांच्या वर कधी झोपली नव्हती.

"दोन्या ओदिलिया, खोपटातली शेगडी कुठे गेली?" मी भाकरी भाजता भाजता, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठली शेगडी?"

"ती तीन पायांची."

"तुला काय करायचीय शेगडी?" त्यांनी मातेच्या नळीतून मोठा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

मी एर्विनला लिहिलं: तुझी आई खोलीत शेगडी ठेवते का? समुद्रावर नेटवर्क येईल तेव्हा येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: "आई तसं कधीच करणार नाही." मी ते पाच वेळा वाचलं. करत नाही असं त्याने लिहिलं नव्हतं. करणार नाही म्हणजे त्याचा अंदाज. अंदाजावर मी माझी मुलगी ठेवू?

आणखी एक होतं. माझ्या गादीवर मी विजेची चादर अंथरलेली होती, एर्विनने लग्नात आणलेली. शिकवणी संपली की आमान्कायला तिथे कुशीत घेऊन पाजायचे. गेले कित्येक दिवस मी न्हाणीघरातून परत येईपर्यंत ती चादर थंड झालेली असायची. प्लग काढलेला. म्हणजे माझ्या विजेचे चार पैसे वाचवायचे, आणि स्वतः पोरीच्या खोलीत कोळसा पेटवायचा! मी ठरवलं. शेगडी एकदा डोळ्यांनी दिसू दे, दुसऱ्या दिवशीच्या बसने मी बाळाला घेऊन तेमुकोला बहिणीकडे. एर्विनला काय सांगायचं ते नंतर बघू.

गुरुवारी पुन्हा धूरबंदी. शिकवणी सुरू झाली आणि सहा वाजून पस्तीस मिनिटांनी नेट गेलं. पडद्यावर मुलांचे चेहरे गोठले. मी कॉम्प्युटर मिटला, मोज्यांवरच उठले आणि दार आवाज न करता उघडलं.

स्वयंपाकघर रिकामं. चूल काळी. सासूबाईंच्या खोलीत जळक्या लोकरीचा तोच वास. मी पाळण्यात हात घातला. गरम, अगदी आत्ताचं गरम, आणि आत काही नाही.

मागचं दार उघडं होतं. अंगणात बर्फावरून सासूबाई चालल्या होत्या, पाठीवर शालीत आमान्काय, हातात झाकलेली टोपली. टोपलीतून वाफ निघत होती.

माझ्या मुलीला पाठीवर घेऊन ही बाई निखारे लपवायला चालली आहे. एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी धावले.

"थांबा! टोपली खाली ठेवा!"

त्या वळल्या. "अगं बये, पायात काही घाल की! मोज्यांवर आलीस बर्फात?"

"आधी टोपली ठेवा. आणि पोरीला माझ्याकडे द्या."

"टोपली ठेवली तर गार होईल."

मी वाकून त्यावरचा कपडा ओढलाच. आत चार मोजे होते. मोठे, लोकरीचे, गुडघ्यापर्यंतचे, तोंडाशी गाठ मारलेले, आणि प्रत्येकात काहीतरी चौकोनी.

"लाव हात. भाजायचा नाही."

मी हात लावला. "विटा?"

"मग काय, सोन्याच्या लगडी?"

कुंपणापलीकडची खिडकी धाडकन उघडली. शेजारच्या दोन्या नोल्फा, गुडघे गेल्यापासून वर्षभर खिडकीलगतच्या पलंगावर. "ओदिलिया! माझे पाय गार पडले गं! मेल्यावर आणणार आहेस का?"

"सून झडती घेतेय!" सासूबाईंनी ओरडून सांगितलं.

"मग लवकर घे म्हणावं!"

मी तिथेच उभी. पाय बधिर झाले होते. सासूबाई एका दमात बोलल्या, बाळाला खालीवर झुलवत. चूल विझायच्या आधी विटा चुलीच्या पोटातल्या कप्प्यात. सहाला काजळीसकट बाहेर, मोज्यात, थोडी लोकर करपतेच, आणि पाळण्यात. अर्ध्या तासाने काढायच्या, आणि उरलेली ऊब नोल्फाच्या पायांशी. त्यांच्या आईनेही असंच केलं होतं, तिच्या आईनेही.

"मग मला सांगितलं का नाही? दार लावून, चोरून?"

"सांगितलं असतं तर तू दवाखान्यातला तो कागद काढला असतास." तो कागद मीच फ्रीजवर चिकटवला होता: बाळाच्या अंथरुणात बाळाखेरीज काहीही ठेवू नये. "वाचलाय मी तो. म्हणून तर ठेवत नाही, काढते. चार घातल्या की चार काढते. मग पोर ठेवते. पण तू शिकलेली, तू म्हणशील वीट ती वीट."

म्हटलं असतं. पण एक शंका उरली होती.

"आणि शेगडी?"

सासूबाईंचा चेहरा बदलला. त्या नोल्फाच्या अंगणात शिरल्या, टोपली खिडकीतून आत दिली आणि मला मान हलवून बोलावलं. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी म्हणाल्या, "उजेड दाखव." मी फोनचा दिवा लावला. कोपऱ्यात पेंढ्याने भरलेली शेगडी, आणि तिच्यात एक तांबडी कोंबडी फुगून बसलेली. सासूबाईंनी कोंबडीला ढोसून उठवलं आणि पेंढा बाजूला केला. शेगडीच्या तळाला भोकं होती. दहा-पंधरा, वेडीवाकडी, खिळ्याने ठोकलेली.

"तुला दिवस गेलेत असं एर्विनने सांगितलं ना, त्या दिवशी पाडली. नोल्फाची कोंबडी अंडी घालते त्यात. कुणी परत पेटवायला नको."

"पण मग विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी पेंढा परत नीट भरला. कोंबडी कुरकुरत बसली.

"क्लोरिंदा न् मी एका खाटेवर झोपायचो," त्या म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण. भिंतीकडे ती, तिथे फळ्यांना फट होती, वारा यायचा. रोज भांडायची माझ्याशी, की तिला शेगडीकडची ऊबदार बाजू हवी. एका रात्री मी दिली, आणि भिंतीकडे झोपले." त्यांनी कोंबडीच्या पाठीवरची पेंढ्याची काडी काढली. "सकाळी मी उठले."

आमान्काय शालीतून माझ्याकडे बघत होती. गाल लाल. थंडीने लाल, लोकरीने लाल. मी बोट तिच्या नाकापाशी नेलं, तरी नेलंच.

"आता तू सांग," सासूबाई परत येताना म्हणाल्या, आवाज पुन्हा नेहमीचा. "तुझ्या गादीवरच्या त्या विजेच्या चादरीची वायर फाटलीय. चिकटपट्टी लावलीयेस तू. आणि पोर त्यावर मुतते."

मी फोनचा दिवा मालवला.

"रोज मीच काढते प्लग. तुला वाटत असेल म्हातारी विजेला रडते."

"वाटत होतं."

"वाटू दे. मलाही वाटत होतं, सूनबाई शिकलेली आहे खरी, पण पोरीला एक दिवस भाजून काढणार. म्हटलं सांगायला गेलं तर फळा घेऊन बसेल."

ती पट्टी मीच लावली होती, एर्विन यायच्या आत नवी घ्यायची म्हणून, आणि दहा दिवस गेले होते. रसायनशास्त्रात विजेचा धडा नसतो, अशी काहीतरी सबब मनात आली आणि माझी मलाच लाज वाटली.

घरी आल्यावर त्यांनी माझे ओले मोजे ओढून काढले आणि पाय आपल्या मांडीत घेऊन खसाखसा चोळले. चोळताना शिव्या देत होत्या. आमान्काय पाळण्यात होती, गरम, एकटी.

शुक्रवारी चादर गुंडाळून मी खोपटात फळीवर टाकली, त्या धुळीतल्या गोलावर. सहा वाजता चार विटा स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघड्यावर मांडलेल्या होत्या. मी मोजे धरले, सासूबाईंनी विटा सोडल्या. गाठी मी मारल्या, त्यांनी सोडून पुन्हा घट्ट मारल्या.

अर्ध्या तासाने त्यांनी विटा काढल्या. मी टोपलीत मोजल्या. चार. मग पाळण्यात हात घालून कोपरे चाचपले.

"मोजल्यास ना?"

"मोजल्या."

"बरं." आणि त्या माझ्या खोलीत गेल्या. मला भिंतीपलीकडून आवाज आला, माझी गादी उचलल्याचा, आणि खाली वायर आहे का ते बघून परत टाकल्याचा. मी त्यांना बघू दिलं.