तेराव्या धड्यावर अडलेली सून

"पाण्याचा टँकर येऊन गेला, हंडे रिकामेच, अन् आमची महाराणी अजून मोबाइलात," मनकर्णाबाईंनी ओसरीवर शेजारच्या साखराबाईला ऐकवलं. आवाज मात्र घरातल्या सुनेपर्यंत पोचेल एवढा चढा.

गावच्या दूध संस्थेत बावीस वर्षं दूध पारखलं ते मनकर्णाबाईंनी. दुसरीतच शाळा सुटलेली, पण थेंब बोटावर घेतला की भेसळ ओळखायच्या. आता दूध संघाचं फर्मान आलं होतं, मोबाइलवरचे वीस धडे जी पुरे करील तीच दूध संकलन केंद्रावर बसेल. मास्तर नाही, मुदत नाही, ज्याची जशी चाल. उत्तर बरोबर आलं की पुढचा धडा उघडायचा, चुकलं की तोच पुन्हा. मनकर्णाबाई तिसऱ्याच धड्याला "हे डबडं मला शिकवतंय व्हय" म्हणत उठल्या होत्या. सुनेनं, विमलनं मात्र बारा संपवले. आणखी आठ, की खुर्ची सुनेची.

"सून हुशार हाय तुझी, मनकर्णे."

"कशाची हुशार? सात वर्सं मी घसा फोडला तर नुसती मान हलवायची. त्या डबड्याम्होरं कशी धडाधडा उत्तरं देती."

"ते तुझ्यावानी खेकसत नसंल," साखराबाई हसली.

चार दिवस झाले, विमल तेराव्या धड्यावर अडली होती. तेवढ्यावर मनकर्णाबाईंना भाकर गोड लागत होती. ती फजिती डोळ्यांनी बघावी म्हणून त्या आत गेल्या.

"दूध लॅक्टोमीटरच्या डिग्रीला पातळ लागले. काय कराल?" मोबाइल विचारत होता. विमलनं बोट टेकवलं. "उत्तर चुकले. पुन्हा प्रयत्न करा." तिनं पुन्हा तिथंच टेकवलं.

"डोळे फुटले का गं? एकाच जागी कशाला दाबतीस?"

"आत्या, ते म्हणतंय, पाणी घातलंय, दूध माघारी लावा." विमलनं मान वर केली नाही. "मी दाबते, जनावराला चारा काय हाय ते इचारा. दुष्काळाच्या चारा छावणीत नुसता ऊस खात्यात जनावरं. दूध पातळ लागणारच. तुमीच सांगितलंत न्हाई का."

मघाशी एवढं गोड लागलेलं सुनेचं अडणं आता मनकर्णाबाईंनाच खुपू लागलं. पदर सावरत त्या खाली टेकल्या.

"त्याला पायजे ते दाब, अन् हो म्होरं. केंद्रावर तूच बस. पण छावणीतलं दूध घेऊन आलेल्या बाईला न इचारता माघारी लावलंस, तर मला आत्या म्हणायचं न्हाई."