वीतभर कमी

दोरखंड सैल सोडत सुपडूच्या मित्रानं, कौतिकनं, लॉरीचं छत हळूहळू खाली आणलं, पण ते खांबांवर बसलंच नाही. सुपडूनं आधी खालून पाहिलं, मग पायरीवर चढून वरून पाहिलं. छताचे खुंट दोन्ही अंगांना आत पडत होते आणि खालचे खांब बाहेर राहत होते. खांबांतलं वीतभर लाकूड कापून काढलं, ते सरळ रेषेत कापलं, कुठं कसूर केली नाही, तरी हे असं झालं होतं.

"का रे भो, छत आटलं का?" कौतिकनं दोर धरूनच विचारलं.

"पत्रा काय लुगडं हाय, आटायले?"

"मंग खांब फुगले असतीन."

सुपडूला हसू आलं नाही. तो तिथंच लिंबाखाली, पत्र्याच्या कातरणात बसला. सिंधीपुऱ्यात त्याचं पेट्यांचं दुकान होतं. लग्नाच्या ट्रंका, दाण्याचे डबे, कंदील, हे सगळं त्याच्या हातचं. पेटीच्या भिंती सरळ असतात. कुठंही कापा, झाकण बसतं. लॉरीचे खांब वर जाताना आत कलतात, ही साधी गोष्ट त्याला इतके दिवस दिसत होती आणि कळली मात्र आज. दुकान बंद ठेवून, बोटं सोलून घेऊन त्यानं एवढंच मिळवलं होतं. त्याला खरोखर रडावंसं वाटलं.

लॉरी त्याच्या बापाची. लीलाधर डोंगरापलीकडच्या एका लहान संस्थानात राजेसाहेबांची लॉरी चालवायचे. शिकारीला निघालेल्या सरकारांचा तुरा छताला लागू नये म्हणून संस्थानच्या सुतारानं तिचं छत मुद्दाम उंच केलं होतं. दोन वर्षांपूर्वी संस्थान विलीन झालं. हत्ती कुठं गेले, घोडे कुठं गेले, कुणाला ठाऊक. जाताना सरकारांनी लॉरी लीलाधरला बक्षीस दिली. ती घेऊन ते बुऱ्हाणपुरात आले ते तुटक बोलणं आणि संस्थानी फेटा एवढंच सोबत घेऊन. रोज सकाळी फेटा बांधायचा, पेठेच्या कमानीबाहेर उभ्या लॉरीत जाऊन बसायचं आणि दुपारी जेवायला परत यायचं, असा त्यांचा दिवस. घरात ते उघड्या डोक्यानं वावरत, पण फेट्याशिवाय त्यांनी उंबरा ओलांडला तो एकदाच, सुपडूचे आजोबा गेले तेव्हा, सुतकाच्या रीतीनं.

नंदकुमारशेठची केळीची वखार कमानीच्या आत होती, आणि उंच छतामुळं लॉरी कमानीखालून जात नव्हती. लॉरी वखारीच्या दाराशी लागली तर घड स्टेशनावर न्यायचं काम तुमचं, असा शब्द शेठनं दिला होता. नाही लागली तर बैलगाड्या आहेतच. आणि मग लॉरी भंगारात जाणार, हे घरात कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना माहीत होतं. तिच्यामागोमाग बापाचं काय होईल, याचा विचार सुपडू करत नसे. तो विचार आला की तो हातोडी उचली.

"सदरा काखेत दाटला तर बाया काय करतात?" कौतिक दोर लिंबाला बांधून येत म्हणाला. "मधात पट्टी घालतात. तूही घाल."

तो थट्टाच करत होता. सुपडू मात्र उठला. त्यानं छत पुन्हा वर घेतलं, मग छत आणि मागची भिंत मधोमध चिरली आणि नव्या पत्र्याची पट्टी कापली. रिबिटा ठोकता ठोकता त्याच्या खांद्यांत कळ भरली, कौतिक दोनदा चहा पिऊन आला, ऊन लिंबाच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला गेलं. छत दुसऱ्यांदा खाली आलं तेव्हा खुंटाला खांब भिडला. मधली पट्टी लांबून ठिगळासारखी दिसत होती. ती रंगानं झाकेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

कौतिकनं आत डोकावून पाहिलं.

"ब्येस झालं. पण राजाचा तुरा आता कुठं ठेवशीन?"

सुपडू हसत आत बसला आणि हसता हसता थांबला. त्यानं हात वर नेला. छत हाताला लगेच लागलं.

नाप त्यानं सगळ्याचं घेतलं होतं. कमानीचं बांबूनं, बैठकीचं फुटपट्टीनं, आणि बापाचं सुतळीनं. त्या सकाळी लीलाधर फेटा बांधून निघालेच होते. सुपडूच्या हातात सुतळी पाहून त्यांनी फेटा उतरवला, मांडीवर ठेवला आणि पाठ ताठ करून पाटावर बसले. सुतळी नीट धरता यावी म्हणून काढला, असं सुपडूला वाटलं. बैठकीपासून टाळूपर्यंत त्यानं नाप घेतलं, वर चार बोटं धरली.

"बराबर घेतलं?" त्यांनी विचारलं होतं.

"हौ, बा."

"मंग झालं."

चार बोटांत फेटा मावत नाही. तो वीतभर उंच असतो. दोन वर्षं रोज पाहिलेला फेटा तो विसरला होता. आता छत वर करायचं तर कमान अडवणार, आणि तसंच ठेवायचं तर बापाला मान वाकवून गाडी चालवायला सांगायचं. हे बापाला कोणत्या तोंडानं सांगावं, ते त्याला सुचेना.

तेवढ्यात कमानीजवळचा पानवाला कडू ठेल्यावरून उतरताना दिसला. त्यानं घाईनं हात पुसले. कमानीतून लीलाधर येत होते. डोकं उघडं होतं. पांढरे विरळ केस वाऱ्यावर उडत होते आणि वाटेतली माणसं बोलता बोलता गप्प होत होती.

"कोण गेलं, लीलाधरभाऊ?" कडूनं आवाज उतरवून विचारलं.

"आमचं संस्थान."

कडू गोंधळला. "त्याले तर दोन वर्सं झाले."

"हौ. मले आज सवड भेटली."

ते लॉरीपाशी आले. छताकडे, मधल्या पट्टीकडे त्यांनी पाहिलं, रिबिटांवरून अंगठा फिरवला. सुपडू खाली उतरून उभा राहिला.

"बा, माझी गलती झाली. नापात फेटा..."

"नाप बराबर हाय," लीलाधर म्हणाले. "मी फेटा काढूनच बसलो होतो ना."

ते चढले आणि चक्रामागे बसले. डोक्यावर चार बोटं जागा राहिली.

"बस," त्यांनी सुपडूला म्हटलं.

कौतिकनं पुढून हँडल मारलं. दोनतीनदा गचके खाऊन इंजिन लागलं आणि लॉरी कमानीखाली शिरली. आतली थंड सावली काचेवरून सरकत गेली, सुपडूनं दात आवळले, पण कुठं काही घासलं नाही. पलीकडच्या उजेडात दुकानदार उठून उभे राहिले होते. ते लॉरीकडे पाहत नव्हते, लीलाधरच्या डोक्याकडे पाहत होते. लीलाधर समोर पाहून गाडी हाकत होते.

सुपडू बुटका होता. डोक्यावरच्या टोपीवरही त्याला बक्कळ जागा होती. त्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.