फळीवर बांधलेला ट्रक

पाल्मिरात बाप्यांना मोटारसायकलवर मागं बसायची बंदी पुन्हा आली ती नेमकी शर्यतीच्या आठवड्यात. मागं बसून गोळ्या घालणारे दोघं-तिघं, आणि शिक्षा साऱ्या गावाला. बायकांना मात्र मुभा होती. बायका गोळ्या घालत नाहीत, असं महापौरांच्या कचेरीत कुणीतरी परस्पर ठरवून टाकलं होतं.

अर्लेची त्यामुळं चांगलीच पंचाईत झाली. पंक्चरच्या दुकानात टायर उलथता उलथता, इकडून मोटर, तिकडून चाकं असं जमवून त्यानं जो रिमोटचा ट्रक उभा केला होता, तो काही पोराटोरांचं खेळणं नव्हतं. रांगत्या बाळापेक्षा लांब, आणि उचलायचा तर आधी कंबर सांभाळायची. उसाच्या रानांपलीकडे मातीच्या ट्रॅकवर रविवारी अशा ट्रकांच्या शर्यती लागत. चारचाकीतून ट्रक आणणारे वेगळे. अर्लेनं मोटारसायकलच्या सीटवर फळी ठोकली होती. फळीवर ट्रक, त्याला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांचे आवळे, आणि मागं त्याचा जोडीदार योवानी, ट्रकला मिठी मारून.

ट्रक बंद असला की त्याची चाकं मोकळी फिरत आणि खड्डा आला की तो फळीवर मागंपुढं सरके. चालू ठेवला की मोटर चाकं जागच्या जागी धरून ठेवी. ही युक्ती अर्लेची, आणि तिचा त्याला भारी अभिमान. तिच्यात मेख एवढीच की रिमोटही चालू ठेवावा लागे. रिमोट जुनापुराणा, कुणाकुणाच्या हातांतून आलेला. ट्रकच्या आधी तो बंद झाला, तर ट्रकला धनी उरत नसे आणि तो सुसाट सुटे. योवानीला हे ठाऊक होतं, म्हणून तो रिमोट पोटाशी घेऊन बसायचा आणि वाटभर कुरकुरायचा. "बॅटरीची वायर काढ आणि दोन पट्ट्या जास्त बांध की रे. तुला कंटाळा तरी किती!"

त्या रविवारी योवानी बसनं पुढं गेला आणि अर्लेनं बहिणीला गळ घातली.

निदिया त्याच्याहून बरीच मोठी. आई माद्रिदला लोकांची म्हातारी माणसं सांभाळायला गेली आणि तिकडचीच झाली, तेव्हापासून ह्याचं दूध, शाळा, ताप, सगळं निदियानंच पाहिलं. घरी मशीनवर ती मुलींचे चर्चचे पांढरे झगे शिवायची. मणी मात्र हातानं टाकायची. तिच्या हातचा झगा मिळावा म्हणून बायका आधीपासून नंबर लावून ठेवत. त्या बोटांवर घर चाललं होतं, आणि अर्लेचा ट्रकसुद्धा त्यातूनच उभा राहिला होता, हे तो सोडून सगळी गल्ली बोलून दाखवायची.

"मी? ह्या राक्षसाला कवटाळून बसू?" निदिया म्हणाली. "लोक म्हणतील, निदियाला एकदाचं मूल झालं आणि ते बापाच्या वळणावर गेलं."

"बस गं. तू नाही आलीस तर मी शर्यतीतून बाद."

"हे चालू तर नाही ना?"

चालू आहे म्हटलं असतं तर ती बसलीच नसती. तो बंद करून जादा पट्ट्या आणायच्या तर पुन्हा दुकान उघडायला जावं लागलं असतं.

"बंद आहे," अर्ले म्हणाला. "तू फक्त घट्ट धर. इथं खालून, चाकांमधल्या ह्या दांड्याशी बोटं घाल. पक्की पकड बसते."

रिमोट त्यानं कापडी पिशवीत घालून तिच्या गळ्यात अडकवला. कायद्यानं सक्तीचं, मोटारसायकलचा नंबर छापलेलं जॅकेट तिनं अंगात चढवलं, तोच नंबर असलेलं हेल्मेट घातलं, आणि दोघं निघाली.

तोडणीआधी रानं पेटवलेली होती. उसाची काळी राख हवेतून उतरत होती आणि निदिया मागून, दोरीवर वाळत टाकलेल्या पांढऱ्या कापडांच्या नावानं कारखान्याचा उद्धार करत होती. अर्लेला हसू येत होतं. अशात रिमोट वाजायला लागला. बराच वेळ कुणी हात लावला नाही की तो असा पीप-पीप करायचा. अर्लेला तो ऐकू आला. थांबावं आणि तिला सांगावं, असं त्याच्या मनात आलंही. पण मागून चार डब्यांची उसाची गाडी अंगावर येत होती, ट्रॅकवर नावं देण्याची वेळ संपत आली होती, आणि सांगायचं म्हणजे आपण खोटं बोललो हेही सांगणं आलं. पुढच्या वळणावर थांबू, असं त्यानं ठरवलं.

मग पीप-पीप थांबली. क्षणभर त्याला बरंच वाटलं. क्षणभरच.

फळीवरचा ट्रक किंचाळला. अर्लेच्या पाठीत जळक्या रबराचा चटका बसला, मोटारसायकल लचकली आणि तिघंही उसाच्या कडेच्या चरात गेली. तिथंही ट्रकची चाकं गरगरतच होती. अर्लेनं वायर ओढून तोडली तेव्हा कुठं तो निपचित पडला. निदियाचा उजवा हात अजून त्याच्या खाली होता. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर त्याला सोसलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी अंगठा आणि करंगळी वाचवली. मधलं काही राहिलं नाही.

योवानी ट्रॅकवरून धुळीनं माखलेला तसाच आला. त्यानं अर्लेला एवढंच विचारलं, "वायर काढली होतीस?"

अर्ले काही बोलायच्या आत निदिया खाटेवरून म्हणाली, "त्याला बोलू नकोस. ट्रक बंदच होता. तो रिमोट ओरडत होता, चुकून चालू राहिला असेल म्हणून मी बंद करायला गेले. अंधारात चाचपडावं तसं पिशवीत हात घालून भलतंच बटण दाबलं मी, आणि ट्रक चालू झाला."

योवानी अर्लेकडं पाहत उभा राहिला. अर्ले खाटेच्या लोखंडी पायाकडं पाहत होता. आता बोलावं, आता बोलावं, असं त्याला वाटत होतं. शेवटी योवानीनं तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली आणि तो निघून गेला.

निदियानं डावा हात पुढं केला. अर्लेनं तो धरला.

"मिहो, माझ्या बाळा, तुझी शर्यत माझ्यापायी गेली," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "किती खपला होतास तू. रागावलास?"

अर्लेनं नाही म्हणून मान हलवली.

"असू दे," तो म्हणाला. "होतं असं एखाद्याकडून."

तिचा चेहरा निवला. थोड्या वेळानं तिला झोप लागली.