भिमाबाईने प्रोबेट आणलं नाही

सहादू मुकादम वारले ते १९७८ साली. नाशकात द्वारका चौकाजवळच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर त्यांनी मुलीला, भिमाबाईला दिलं होतं. चार वर्षं आधी स्वतः चालत जाऊन त्यांनी तसं मृत्युपत्र नोंदवलं होतं. पुढे अंथरूण धरल्यावर त्यांचं सगळं भिमाबाईनेच केलं. नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचं, नवऱ्यामागे एकटीने मुलगी वाढवायची आणि बापाला भरवायचं, हा तिचा दिवस.

धाकटा भाऊ कोंडाजी मुंबईत एका शेठच्या पेढीवर कारकून होता. बापाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, तसा तो म्हणाला, "अक्का, नुसत्या मृत्युपत्राला काडीची किंमत नाही. कोर्टाचं प्रोबेट लागतं. दोन-तीन वर्षं जातात. त्यापेक्षा घर विकू, अर्धं अर्धं घेऊ."

"प्रोबेट म्हणजे काय रे?"

"मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा दाखला. शेठ वारले तेव्हा मीच कोर्टात खेटे घातले होते."

भिमाबाईने कागद घडी करून पिशवीत ठेवला. "बाबांनी शुद्धीत सही केली. आता कोर्टाने सांगितल्यावर ती खरी होणार काय?"

दुसऱ्याच दिवशी ती कोर्टाजवळ बसणाऱ्या सावळीराम वकिलांकडे गेली. म्हाताऱ्याने कागद दोनदा वाचला. "घर नाशकात. मृत्युपत्र नाशकात केलेलं. मग प्रोबेट कशाला? मुंबई शहरात ते सक्तीचं आहे, इथे नाही. तुमच्या भावाने मुंबईचा नियम गाडीत घालून आणलाय."

"कायद्यात कुठे लिहिलंय ते मला लिहून द्या."

त्यांनी कलम लिहून दिलं. तिने ते पोरांकडून पाढे घोकून घेते तसं घोकलं.

घराच्या उताऱ्याला नाव लावायच्या कचेरीत कारकून मान वर न करता म्हणाला, "प्रोबेट आणा."

"नाशकात लागत नाही." तिने कलम म्हणून दाखवलं. "तरी लागतं म्हणत असाल तर तसं लेखी द्या. सहीशिक्क्यासह."

त्याने प्रथमच तिच्याकडे पाहिलं. लेखी काही दिलं नाही. अर्ज मात्र घेतला.

नोटीस निघाली आणि कोंडाजीने हरकत घेतली. बापाला भान नव्हतं, सही बळजबरीने घेतली, असं त्याने लिहिलं. भिमाबाईने ते उभ्यानेच वाचलं. घरासाठी भाऊ भांडेल हे तिने धरलं होतं. तिने बापावर जबरदस्ती केली असं तो लिहील, हे धरलं नव्हतं.

कचेरीतल्या साहेबांपुढच्या सुनावणीला ती झुंबरबाबांना रिक्षातून घेऊन गेली. मृत्युपत्राच्या दोन साक्षीदारांपैकी तेच हयात होते. साहेबांनी विचारलं, "सही तुमच्यासमोर झाली?"

"व्हय. सहादूनं आधी सगळा कागद मोठ्यानं वाचला. पोराचं नाव का नाय, मी इचारलं. म्हणला, पोराला मुंबईत खोली घेऊन दिली, त्याचं त्याला पावलं."

खोलीबद्दल साहेबांनी विचारलं, तेव्हा कोंडाजीला नाही म्हणता आलं नाही.

महिन्याभराने उताऱ्यावर भिमाबाईचं नाव लागलं. कचेरीबाहेर कोंडाजी म्हणाला, "अक्का, मी अजून दिवाणी कोर्टात जाऊ शकतो."

"जा. मी येईन तिथे. पण बाबांना भान नव्हतं, असं पुन्हा लिहू नकोस."

तो गेला नाही.

पुढल्याच वर्षी भिमाबाईने घर मुलीच्या, सुमनच्या नावे बक्षीसपत्राने नोंदवून टाकलं. आपल्यामागे सुमनला कुणाचे दाखले आणि साक्षीदार शोधत फिरावं लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. नोंदणी करणारा कारकून हसला. "बाई, जिवंतपणीच देताय? उद्या पोरीने बाहेर काढलं तर?"

"मरेपर्यंत राहण्याचा माझा हक्क खाली लिहिलाय," भिमाबाई म्हणाली. "आधी वाचा, मग हसा."