पिवळ्या पट्टीची माकुलं

दहा हातांची माकुलं ऋतूगणिक किती लांब जातात हे शोधायला मी चारशे माकुलांना नंबराची पिवळी पट्टी लावून समुद्रात सोडलं. पट्टीवालं माकूल सापडलं तर आणून द्या, असं बंदरावर घसा कोरडा करून सांगितलं. हंगाम संपला, पण एक पट्टी परत येईल तर शपथ! साहेब म्हणाले, "वर्ष पाण्यात गेलं."

बाबा स्वतः होडीवाले. जेवताना मी त्यांच्यावरच घसरले. "तुमच्या जाळ्यात एकही आलं नाही?"

"सतरा आली की! सोडून दिली. बाकीच्या होड्यांनाही तसंच बजावलंय."

मी कपाळावर हात मारला. "का?"

"तूच म्हणालीस ना, ती कुठवर जातात ते बघायचंय?" बाबा शांतपणे म्हणाले. "आणून दिली तर जातील कशी?"