दुप्पट वजन

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी डुलुथचं अख्खं कॉलेज रिकामं झालं आणि प्रयोगशाळेत उरली एकटी वर्ना. जायचं तरी कुणाकडे? आई गेल्यापासून डकोटातल्या घरात भावजयीचं राज्य. शेजारच्या स्टुलावर बसणारी जोडीदारीण मार्जोरी, ती बया ऑक्टोबरातच लग्न करून कॉलेज सोडून गेली!

सरांनी दिलेल्या पुडीतली पांढरी पूड कशाची, ते ओळखायचं होतं. जाळून पाहिल्यावर प्रमाण निघालं: कार्बन सात, हायड्रोजन सहा, ऑक्सिजन दोन. पण रेणूत हे एकदाच आहे की दुपटीनं, ते रेणूच्या वजनावरून ठरायचं. त्यासाठी तिनं पूड बेंझिनमध्ये विरघळवली आणि नळी बर्फाच्या घमेल्यात गोठायला ठेवली; बेंझिन नेहमीपेक्षा किती अंश खाली गोठतं, त्यावरून वजन निघतं. एका हातानं ढवळायचं, दुसऱ्यानं थर्मामीटरवर भिंग धरायचं, पेन्सिल दातात. दोघींचं काम एकटीनं!

सात-सहा-दोनचं वजन एकशे बावीस. तिचं आलं दोनशे बेचाळीस, जवळजवळ दुप्पट. म्हणजे कार्बन चौदा? असली पूड पुस्तकात कुठेच सापडेना. तिनं पुन्हा सगळं केलं, पुन्हा तेच. मागचं उत्तर चुकलं होतं. हेही चुकलं तर शिष्यवृत्ती गेली, मग जन्मभर भावजयीच्या गाई पिळा.

प्रोफेसर टॉलेफसन ओव्हरकोट चढवून निघालेच होते.

"सर, माझं चुकतंय कुठेतरी. दोन्ही वेळा दुप्पट आलं."

त्यांनी उभ्या उभ्या आकडे पाहिले. "चुकतंय कुठे, पोरी? साधं बेंझोइक आम्ल आहे, सात-सहा-दोनच. बेंझिनमध्ये हे बेटं एकटं राहतच नाही. दोन-दोन रेणू एकमेकांना धरून बसतात, म्हणून वजन दुप्पट भासतं. इतकं नेमकं यंदा कुणाचंच आलं नव्हतं. पूर्ण गुण! बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही."

"हं," म्हणत त्यांनी मफलर गुंडाळला. "बरं, सुट्टी मजेत घालव हो."

ते गेले. वर्नाचा जीव भांड्यात पडला.

"मार्जे, बरोबर आलं गं!" म्हणत ती वळली, तर स्टूल रिकामं.

नळीतली पूडसुद्धा जोडीनं बसलेली, आणि आपण इथं! तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं दोन्ही स्टुलं टेबलावर उलटी ठेवली आणि दिवा बंद केला.