निचराबाबांच्या टबातलं विष

रविवारी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसली होती आणि सगळ्यांचे डोळे लागले होते एका निळ्या प्लॅस्टिकच्या टबाकडे. टबात कोमट पाणी, पाण्यात विजार दुमडून बसलेल्या एका माणसाचे दोन पाय, पायांशी जाळीचा डबा, आणि डब्यातून निघालेली वायर रेशमी कापडाखाली झाकलेल्या पेटीत गेलेली. तिला ‘ऊर्जापेटी’ म्हणायचं, अशी बाबांच्या चेल्याची सक्त ताकीद होती.

पेटीमागे निचराबाबा डोळे मिटून उभे होते. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गर्द असो, दुखण्याच्या गोळ्या असोत, झोप उडवणारी पावडर असो, बाबा ती तळपायांतून निचरून काढतात, म्हणून निचराबाबा.

“उतर, विषा, उतर!” बाबा गरजले. “मेंदूतून मानेत, मानेतून पोटात, पोटातून पोटरीत! पोटरीत सापडलास की तुझी खैर नाही!”

पाणी पिवळट झालं, मग तांबूस, आणि दहा मिनिटांत गटारासारखं काळपट. वर फेसही आला. पुढच्या रांगेतल्या हेडमास्तरांनी नाकाला रुमाल लावला. विष उडी मारून आपल्यालाच धरेल, अशी त्यांना भीती वाटली असावी.

नगराध्यक्षांनी माइक ओढला. “आपलं व्यसनमुक्ती केंद्र त्याच माणसांना त्याच गोळ्या वर्षानुवर्षं देतंय. इथे दहा मिनिटांत निकाल! गुरुवारच्या सभेत केंद्राचा सगळा निधी बाबांच्या आश्रमाकडे वळवायचा ठराव आणतोय.”

टाळ्यांनी छत दणाणलं. शेवटच्या रांगेतली सिस्टर तेवढी हाताची घडी घालून उभी होती. तिची नोकरी त्याच केंद्रात होती, पण ती इथे आली होती ती नोकरीपायी नाही. टबातले ते पाय तिच्या धाकट्या भावाचे होते.

भाऊ वेल्डर. तीन वर्षांपूर्वी परांचीवरून पडला, पाठ मोडली, डॉक्टरांनी वेदना मारायच्या गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या काही सुटल्या नाहीत. पुढे गोळ्या संपल्या आणि गर्द आला. वर्षभरापूर्वी सिस्टरनं त्याला अक्षरशः दंडाला धरून केंद्रात आणून बसवलं.

केंद्रात चमत्कार नव्हता, एक लाकडी बाक होता. औषधाची गोळी सिस्टरच्या डोळ्यांदेखत जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. ड्रायव्हर, शिंपी, कॉलेजची मुलगी, सगळे ओळीनं गप्प. त्यांनीच त्याला ‘मुक्यांचा बाक’ नाव दिलं होतं. वर्षभर भाऊ त्या बाकावर रोज बसला आणि पुन्हा कामाला लागला. दोन आठवड्यांपूर्वी मात्र यायचा थांबला, बाबांकडे जायला लागला.

सोमवारी तिनं त्याला केंद्रात बोलावून लघवीची तपासणी केली. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर माणूस स्वच्छ, नशेचं औषध सापडलं तर एकच. एकच उमटली.

“पुन्हा घेतलंस?”

“ताई, शप्पथ, हातही लावला नाही.”

“खोटं बोलू नकोस! तोंड वर करून खोटं बोलतोस?”

भाऊ उठला. “तुझ्या पट्टीवर तुझा विश्वास आहे, माझ्यावर नाही,” एवढंच म्हणाला आणि चपला न घालताच निघून गेला.

मंगळवारी दुपारी मुक्यांच्या बाकावरच्या ड्रायव्हरला रिक्षात घालून आणलं. ओठ निळे, श्वास मिनिटाला चार. सिस्टरनं उतारा टोचला, तेव्हा कुठे त्यानं डोळे उघडले. “काही घेतलं नव्हतं,” तो पुटपुटला. “बाबांची शांतीपुडी घेतली. एकीनं झोप लागेना म्हणून दोन.”

सिस्टरनं कपाळाला हात लावला. ड्रायव्हरच्या खिशात उरलेली पुडी तिनं पाण्यात कालवली आणि पट्टी बुडवली. एकच रेघ! बाबा नशा सोडवत नव्हते, दळून पाजत होते. कोणत्या पुडीत किती पडलंय हे दळणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं तो नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि तशीच भावाच्या दारात गेली.

“चुकले रे,” ती म्हणाली. “तू खरं बोलत होतास. पट्टी पण खरं बोलत होती. नशा बाबांनी दिलेल्या पुडीतच होती.”

भावानं सगळं ऐकून घेतलं. “पण टब, ताई? पाणी काळं झालेलं मी स्वतः पाहिलंय.”

“ते कसं, हे मलाही कळत नाहीये.”

भाऊ नखं कुरतडत म्हणाला, “आश्रमाला लोखंडी पट्ट्या मीच कापून देतो, सेवा म्हणून. त्या जाळीच्या डब्यात बसवतात. पण दर आठवड्याला नव्या लागतात. जुन्या बघितल्यात, पार चाळणी झालेल्या.” तो एकदम थांबला. “ताई, मग एवढं लोखंड जातं कुठे?”

गुरुवारी सभागृह पुन्हा तुडुंब. ठराव मांडायच्या आधी बाबांचा प्रयोग. सिस्टर उभी राहिली. “साहेब, एक विनंती. ज्यानं कधी नशा केली नाही, त्याचे पाय घालून बघू या.”

बाबा मंद हसले. “वत्से, चहा पितेस? रागावतेस? विष सगळ्यांतच आहे.”

“मग ज्याला राग येत नाही, त्याचे घालू.” आणि तिनं सफाईवाल्या मावशींच्या हातातून ओला पोछा घेऊन टबात उभा केला.

सभागृहात खसखस पिकली. चेला कावराबावरा झाला, पण अध्यक्षच म्हणाले, “होऊ दे, बाबांचं काय बिघडतंय?” पेटी सुरू झाली. दहा मिनिटांत पाणी काळपट.

“पोछ्याला कसलं हो व्यसन?” मावशींनी विचारलं.

बाबा डगमगले नाहीत. “तो हजारोंची पावलं पुसतो. हजारोंचं पाप शोषतो!”

मावशी आत गेल्या आणि दुकानातून नुकताच आणलेला, कागदी चिठ्ठीसुद्धा न काढलेला पोछा घेऊन आल्या. नवं पाणी, नवा पोछा. पाणी काळपट.

“पूर्वजन्मीचं!” बाबा ओरडले. या वेळी हेडमास्तरसुद्धा हसले.

आता भाऊ पुढे आला. त्यानं पोछा बाहेर काढला, टब ओतून चेल्याच्याच बादलीतलं नुसतं पाणी भरलं आणि स्वतः बटण दाबलं. ना पाय, ना पाप. तरीही पाणी पिवळट, तांबूस, काळपट.

“हा माझ्या हातचा माल,” डब्यातली पट्टी वर धरून तो म्हणाला. “पाण्यात मीठ आहे, चाखून बघा. पेटीत बॅटरी. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं, गंजून पाण्यात उतरतं. तुम्ही ज्याला विष म्हणून नाक दाबलंत, तो गंज आहे. रविवारी मी पण हात जोडले होते. आणि वेल्डर मी! गंज ओळखता आला नाही मला, कारण बरं व्हायची घाई झाली होती.”

सिस्टरनं प्रयोगशाळेचा कागद अध्यक्षांपुढे ठेवला. “आणि हे शांतीपुडीत निघालं. ज्याच्यापासून सोडवायचं, तेच. ड्रायव्हर थोडक्यात वाचला.”

अध्यक्षांचं तोंड पांढरं पडलं. बाबांनी ध्यानाला बसायची इच्छा व्यक्त केली. ती पोलीस ठाण्यात पूर्ण होईल, असं दारातल्या हवालदारानं सांगितलं.

ठराव बारगळला, निधी केंद्राकडेच राहिला. पण अध्यक्षांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते केंद्रात आले. बाकावर सहा माणसं तोंड मिटून बसली होती. भाऊ शेवटी.

“सिस्टर, खरं सांगा. हे किती दिवस चालायचं?”

“कुणाचं वर्ष, कुणाचं पाच. काही घसरतात, परत येतात.”

“पण लोकांना दाखवायला काही नाही हो इथे.”

“नाहीच,” सिस्टर म्हणाली. “साखरेच्या रोग्याला रोज औषध देतो, तेव्हा कुणी टब मागत नाही. व्यसन हाही आजारच आहे. लोकांच्या पैशानं औषध द्यायचं, माणूस द्यायचा, वेळ द्यायचा. जो दहा मिनिटांत बरं करतो म्हणेल, त्याला एवढंच विचारा, टब रिकामा ठेवून दाखवतोस का?”

अध्यक्षांनी भावाकडे पाहिलं. “काय रे, तुझं काय म्हणणं?”

भावानं मिटल्या ओठांवर बोट ठेवलं आणि घड्याळाकडे खूण केली. अजून चार मिनिटं बाकी होती. मग तो जरा सरकला आणि बाकावर अध्यक्षांना जागा करून दिली. चार मिनिटं अध्यक्षही गप्प बसले.